चहाचा ई-लिलाव आणि कोल्हापूरचा चहा व्यापार

चहाचा ई-लिलाव : मळ्यांत आणि पाला विकत घेणाऱ्या कारखान्यांत तयार झालेला चहा संगणकावर बोली लावून विकण्याची पद्धत. ती भारतीय चहा मंडळाच्या देखरेखीखाली चालते. कोल्हापुरात उकळणारी चहापूड मुख्यतः आसाम, उत्तर बंगाल आणि दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांकडून येते. सगळाच माल लिलावातून येतो असे नाही. बराचसा थेट व्यवहारातही विकला जातो. मात्र तिथेही भाव बोलताना आधार लिलावाचाच घेतात. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळा परिसरात चहालागवडीचा प्रयोग केला होता. तो टिकला असता तर या नोंदीत ट्रकभाड्याचा विषय कमी आला असता.

भारतातला पहिला चहा लिलाव कोलकात्यात १८६१ साली झाला. पुढे गुवाहाटी, सिलिगुडी, कोची, कुन्नूर, कोइम्बतूर ही केंद्रे उभी राहिली. पूर्वी तिथे सभागृहात बसून बोली लागे, हातोडा पडे. आता पडद्यावर आकडा चढतो. जून २०१६ पासून एका केंद्रात नोंदलेला खरेदीदार देशातल्या इतर केंद्रांतही बोली लावू शकतो.

कोल्हापूरकराला सौदा म्हटले की मार्केट यार्डातला गूळ आठवतो. तिथे रवा (गुळाची ढेप) समोर असतो, रंग दिसतो, कण जिभेवर ठेवता येतो. चहात माल गुदामात शेकडो-हजारो किलोमीटरवर आणि बोली लावणारा भलतीकडेच. म्हणून सगळा भार नमुन्यावर. दलाल प्रत्येक लॉटचा मळा, प्रत, पोती आणि वजन यादीत नोंदवतो, चव घेऊन अंदाजे भाव लिहितो आणि खरेदीदारांना नमुने पाठवतो. लिलावानंतर ठरलेल्या मुदतीत पैसे भरले की माल सोडण्याचा आदेश निघतो. संगणकाने बोली सोपी केली, पण जिभेचे काम त्याला अजून जमलेले नाही.

कोल्हापुरात म्हशीच्या दुधाचा मान मोठा. अशा दाट दुधात फिक्या रंगाची पत्ती हरवून जाते. त्यामुळे इथे लागतो तो सीटीसी पद्धतीचा (पाला यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेला) दाणेदार किंवा डस्ट म्हणजे बारीक भुकटीचा चहा. कडकपणासाठी आसाम, सुवासासाठी निलगिरी असे मिश्रण करतात, आणि ते दूध-साखर घालून उकळूनच पारखावे लागते. कोऱ्या चहाची चव इथे फारशी कामाची नाही.

बोलीसाठी नोंदणी लागते. ती नसलेला छोटा व्यापारी मोठ्या खरेदीदाराकडून किंवा पॅकिंगवाल्याकडून माल उचलतो. दक्षिणेचा माल बेंगळुरू-पुणे महामार्गाने थेट येतो, ईशान्येचा ट्रक मात्र अर्धा देश ओलांडतो. आसाम-उत्तर बंगालचे मळे हिवाळ्यात बंद असतात, म्हणून त्या महिन्यांचा साठा आधीच करावा लागतो. त्यात भांडवल अडकते, आणि साठवण हे वेगळेच दुखणे : चहा ओल आणि वास दोन्ही चटकन ओढतो. इथल्या पावसाळ्यात पोती जमिनीला टेकवून चालत नाही. मिरची-मसाल्याच्या शेजारी तर नाहीच, नाहीतर सिलिगुडीत पारखून घेतलेल्या चहाला तिखटाचा वास लागतो.

साखळीचे शेवटचे टोक फारसे बदललेले नाही. टपरीवाला किलो-दोन किलो सुटी पूड नेतो. पैसे कधी मोबाईलवर देतो, कधी दुकानदाराच्या वहीत मांडून ठेवायला सांगतो.