एसी 16 वर टाकला म्हणून खोली लवकर गार होत नाही

'बाहेरून आलात की एसी 16 वर टाका, खोली झटकन गार होते.' पुण्यात एप्रिल लागला की हा सल्ला फिरू लागतो. पटतोही, कारण पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की वारा खरंच वाढतो. एसीच्या रिमोटवरचा आकडा मात्र वेग ठरवत नाही, कुठे थांबायचं ते ठरवतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गारवा तयार करणारा पंप, एकतर पूर्ण चालतो, नाहीतर बंद असतो. खोलीत 34 अंश असताना 24 लावा किंवा 16, तो तेवढ्याच जोरात चालणार. इन्व्हर्टर एसी, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करू शकणारा एसी, हाही एवढी तफावत असली की सुरुवातीला जवळपास पूर्ण ताकद लावतो. 16 वर तो थांबायचं नाव घेत नाही आणि बिल वाढतं.

मग लांबच्या कोपऱ्यात का उकडतं? तापमानाचा सेन्सर बहुधा भिंतीवरच्या युनिटमध्येच असतो. तिथली हवा गार झाली की एसी मंदावतो. छताचा पंखा हळू चालू ठेवा, हवा मिसळते. काही रिमोटमध्येही सेन्सर असतो. ती सोय चालू करून रिमोट उशाशी ठेवा.

पडताळायचं असेल तर थर्मामीटर पलंगाच्या उंचीवर, झोतापासून दूर ठेवा. सारख्याच उन्हाच्या दोन दुपारी, ब्लोअरचा वेग तोच ठेवून, एकदा 16 आणि एकदा 24 लावा. 34 वरून 28 वर यायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.