जुन्या बोट-मोटरचा इंधनमार्ग

बोटीच्या मागे अडकवलेली जुनी टू-स्ट्रोक मोटर वर्षभर पडून राहिली की सुरू होता होत नाही, आणि झालीच तर वेग वाढवताच आचके देत बंद पडते. अशा वेळी बहुतेक जण आधी कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, उघडतात. माझ्या मते ही घाई आहे. पेट्रोल ज्या वाटेने येते, त्याच वाटेने टाकीपासून शोध घेत जावे.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला, तर पेट्रोल कमी होते तसा आतला दाब उतरतो आणि इंधन पुढे सरकत नाही. पुढे नळीच्या मधोमध असलेला रबरी फुगा दाबत गेल्यावर टणक व्हायला हवा. तो मऊच राहिला तर त्याच्या एकेरी झडपा निकामी असतात किंवा नळीला चीर गेलेली असते. मोटर मलूल पडत असताना फुगा दाबताच ती पुन्हा जोर धरत असेल, तर दोष बहुधा मोटरच्या इंधन-पंपात किंवा त्याच्या अलीकडच्या नळीत असतो. या पंपाला वेगळी शक्ती लागत नाही. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातला, दाब कमी-जास्त होतो आणि त्या ठोक्यांवर पंपातला डायफ्रॅम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, हलत राहतो. तो ताठरला किंवा त्याला टाचणीएवढे भोक पडले, तरी पुरवठा तुटतो.

यानंतर कार्बोरेटर. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिचा दाब घटतो आणि त्या फरकामुळे जेटमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या तोटीतून, पेट्रोल वर येते. साठून राहिलेल्या पेट्रोलचे ऑक्सिडीकरण होऊन डिंकासारखा थर बनतो आणि तो नेमका या बारीक छिद्रांत बसतो. काढलेला पितळी जेट उजेडाकडे धरावा: स्वच्छ असेल तर गोल, धारदार ठिपका दिसतो, नसेल तर कडेने तपकिरी साय आलेली दिसते. तार खुपसून ती काढण्याचा मोह कृपा करून टाळावा. पितळ मऊ असते, आणि छिद्राचा व्यास १० टक्के वाढला तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मोजमापच बिघडते. कार्बोरेटरसाठीचे द्रावण आणि दाबाची हवा पुरेशी होते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची आणखी एक अडचण आहे. इथेनॉल पाणी शोषते, आणि ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशीच बसतो. जुन्या नळ्यांचे रबरही त्याने खराब होते.

अर्धवट तुंबलेल्या मोटरवर काम भागवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल बहुधा पेट्रोलमधूनच येते. इंधन कमी पडले की मिश्रण विरळ होऊन उष्णता वाढते, तेलही घटते, आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो.

जोडणी झाल्यावर फुगा टणक होईपर्यंत दाबून प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने टिपून पाहावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी साचते. कागद जिथे ओला होईल तो जोड नीट बसवून, वाफ निघून गेल्याची खात्री होईपर्यंत मोटरची दोरी ओढू नये.