स्टॅकमधल्या स्विचला नंबर मिळतो कुठून?

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत किंवा एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये रॅकला एकाखाली एक चार नेटवर्क स्विच (कॉम्प्युटरच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेट्या) दिसले, की माणूस वरून मोजतो: एक, दोन, तीन, चार. असे स्विच खास केबलने जोडून एकाच यंत्रासारखे चालवले, की त्याला स्टॅक म्हणतात. पण स्विचला रॅकमधली जागा कळत नाही. त्याचा नंबर त्याच्याच मेमरीत असतो आणि दुसऱ्या रॅकमध्ये नेला तरी सोबत जातो.

पूर्वी असं नव्हतं. नव्वदच्या दशकातल्या बेस्टॅक 450 या स्विचच्या मागे चक्क एक खटका होता. कॅस्केड केबलने आठपर्यंत यंत्रं जोडायची आणि त्यातल्या एकाचाच खटका ‘बेस’वर ठेवायचा. म्होरक्या कोण, हे मागे वाकून बघितलं की कळायचं. त्याच सुमाराच्या सिस्को कंपनीच्या गिगास्टॅक पद्धतीत स्विच एकमेकांना जोडलेले असत, पण प्रत्येकाचं कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) वेगळं. सगळ्यांचा पहिला पोर्ट (केबल लावायची जागा) 0/1 च; त्यामुळे नंबरचा प्रश्नच नव्हता.

तो आला 2003 मध्ये, सिस्कोचाच कॅटलिस्ट 3750 स्विच आणि त्याच्या स्टॅकवाइज या जोडणीबरोबर. 9 पर्यंत स्विच, सेकंदाला 32 गिगाबिटची रिंग (गोलाकार जोडणी), सगळ्यांचा मिळून एकच आयपी पत्ता आणि एकच कॉन्फिगरेशन. मग कोणत्या स्विचचा पोर्ट हे सांगायला नाव तीन आकड्यांचं झालं: 1/0/1. पहिला आकडा सदस्याचा, मधला मॉड्यूलचा, शेवटचा पोर्टचा. खोक्यातून निघालेला प्रत्येक नवा स्विच 1 नंबरचाच असतो. स्टॅकमध्ये आल्यावर 1 आधीच गेलेला असेल तर त्याला सर्वांत लहान मोकळा नंबर मिळतो आणि तो फ्लॅश मेमरीत टिकून राहतो.

घोळ होतो तो इथेच. समजा, चारांच्या स्टॅकमधला 3 नंबर जळाला आणि त्याच्या जागी दुसरीकडे कधीतरी 5 नंबर म्हणून चाललेला जुना स्विच आणून लावला. 5 मोकळा आहे, म्हणून तो 5 च राहतो. 3/0/1 पासूनचं व्हीलॅनचं (एकाच नेटवर्कमध्ये पाडलेल्या वेगळ्या गटांचं) सगळं कॉन्फिगरेशन बिनमालकाचं पडून राहतं, आणि नव्या पोर्टवरचे कॉम्प्युटर मुळातल्या व्हीलॅन 1 मध्ये जाऊन बसतात. लिंकचा दिवा हिरवा, नेट मात्र नाही. ‘शो स्विच’ या कमांडने नंबर बघायचे, ‘स्विच 5 रीनंबर 3’ द्यायचं, मग ‘रीलोड स्लॉट 5’. रीलोड होईपर्यंत जुनाच नंबर चालतो. 3750 वर ‘रीनंबर’ची कमांड कॉन्फिग मोडमध्ये (सेटिंग्ज बदलायच्या) आहे, 2013 च्या 3850 पासून ती एक्झेक मोडमध्ये (थेट कमांड चालवायच्या) गेली. जुन्या सवयीचा हात तिथे हमखास अडखळतो. बदली स्विचचं आयओएस (सिस्कोच्या स्विचमधलं सॉफ्टवेअर) व्हर्जनही जुळायला हवं, नाहीतर तो ‘व्हर्जन मिसमॅच’ दाखवत बाजूला बसतो. आणि स्टॅक केबल लावताना नवा स्विच बंदच हवा. चालू स्विच जोडला तर दोन स्टॅकचं विलीनीकरण होतं आणि हरणारी बाजू रीलोड होते. ती बाजू कधी कधी तुमचीच निघते.

नंबर आणि मास्टर (स्टॅकचा म्होरक्या) यांचा संबंध नाही, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मास्टर ठरतो प्रायॉरिटीवर, म्हणजे आपण दिलेल्या अग्रक्रमाच्या आकड्यावर: 1 ते 15, मुळात 1. सगळे 1 वरच सोडले तर निवड शेवटी मॅक ॲड्रेसपर्यंत (कारखान्यातून आलेल्या हार्डवेअर नंबरपर्यंत) घसरू शकते, म्हणजे नशिबावर. शिवाय आधीच बसलेल्या मास्टरला मागाहून आलेला 15 वाला उठवत नाही. लाइट गेल्यावर एक स्विच यूपीएसवर तगला आणि बाकीचे मेनवर बंद पडले, तर ते परत येईपर्यंत गादी त्याचीच झालेली असते. म्हणून सगळा स्टॅक एकाच यूपीएसवर हवा. प्रायॉरिटी वरच्या स्विचला 15, दुसऱ्याला 14.

जुनिपर कंपनीच्या 2008 च्या ईएक्स 4200 स्विचने मोजणी शून्यापासून धरली: 0 ते 9, दहा सदस्य. त्यात नंबर थेट सिरियल नंबरशी बांधून ठेवायची सोयही आहे. तसं बांधलं की अनोळखी स्विच आपणहून आत शिरत नाही, आणि आमच्या मते ही पद्धत जास्त शहाणपणाची आहे.

खान्देशात एक गोष्ट वेगळी धरावी लागते. 3750 चालवायची मर्यादा 45 अंश सेल्सिअस. मे महिन्यात भुसावळ-जळगावची हवाच तिथे जाऊन टेकते, मग बंद रॅकच्या आतलं विचारूच नका. इथे बदली स्विच लागतो तो बहुतेक उन्हाळ्यातच, घाईघाईत. कपाटातल्या स्पेअरला आधीच योग्य आयओएस घालून, नंबर 1 करून (म्हणजे स्टॅकमध्ये आल्यावर तो मोकळा नंबर घेईल), तशी चिठ्ठी त्याच्या अंगावर चिकटवून ठेवलेली बरी.