रेक्टमच्या कॅन्सरची रोबोटिक सर्जरी

मोठ्या आतड्याचा शेवटचा साधारण 15 सेंटिमीटरचा भाग म्हणजे रेक्टम, मराठीत गुदाशय. तिथली कॅन्सरची गाठ रोबोटच्या हातांनी काढायची ही पद्धत. नाव ऐकून खूप पेशंटना वाटतं की मशीन आपोआप ऑपरेशन करतं, पण तसं अजिबात नाहीये. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर (रोबोट चालवायची जागा) बसून हात हलवतो आणि पोटात 8 मिलिमीटरच्या भोकांतून घातलेली अवजारं तशीच हलतात, हाताची थरथर मात्र आत पोचत नाही. सगळ्यात जास्त दिसणारं मशीन दा विंची, त्याला अमेरिकेत 2000 साली परवानगी मिळाली. भारतातही गुरुग्रामला एसएसआय मंत्रा नावाचा रोबोट तयार होतो.

रेक्टमलाच याचा उपयोग का, तर जागा. रेक्टम कमरेच्या हाडांच्या पिंजऱ्यात खोल बसलेला, पुरुषांचा पिंजरा अजून अरुंद, त्यात पेशंट जाड असेल तर दुर्बिणीची सरळ दांड्याची अवजारं तिथे नीट वळतच नाहीत, रोबोटचं अवजार मात्र मनगटासारखं वळतं. गाठ एकटी काढून चालत नाही, भोवतीची पिवळी चरबी तिच्या पातळ आवरणासकट अख्खी यावी लागते. बिल हील्ड या इंग्लिश सर्जनने 1982 मध्ये हे मांडलं आणि खरी क्रांती तीच, रोबोट फार नंतरचा! या आवरणाच्या लगेच बाहेरच्या बरोबर थरात असलं की पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू दिसतात, ते कापत खाली जायचं. थर चुकला तर एकीकडे कॅन्सर मागे राहतो, दुसरीकडे लघवीच्या आणि लैंगिक नसा दुखावतात.

काढलेल्या तुकड्याला पॅथॉलॉजीत बाहेरून शाई लावतात, शाईपासून 1 मिलिमीटरच्या आत कॅन्सर दिसला तर कडा पॉझिटिव्ह, म्हणजे थोडा कॅन्सर आत राहिला असण्याची भीती.

आता रिझल्ट. 2017 ला आलेल्या रोलार या 10 देशांतल्या अभ्यासात 471 पेशंट होते, ऑपरेशन अर्धवट सोडून पोट उघडावं लागलं असे रोबोटकडे 8.1 टक्के आणि साध्या दुर्बिणीत 12.2 टक्के, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो म्हणून रोबोट सरस असं सिद्ध झालं नाही. नंतर चीनमधल्या 11 हॉस्पिटलांनी रियल नावाचा मोठा अभ्यास केला, फक्त मधल्या आणि खालच्या गाठींवर, आणि तिथे चित्र बदललं. कडा पॉझिटिव्ह रोबोटकडे 4.0 आणि साध्या दुर्बिणीत 7.2 टक्के, तीन वर्षांत त्याच भागात कॅन्सर परत आला रोबोटकडे 1.6 आणि दुर्बिणीत 4.0 टक्के. जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण तीन वर्षांनी दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं, हे पेशंटला सांगायलाच हवं. शिवाय तिथले सर्जन रोबोटवर मुरलेले होते, त्यामुळे हे आकडे नव्या हातांना लागू होतीलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना तुम्ही स्वतः अशी किती केली हे बिनधास्त विचारावं.

हा फायदा उचलून दुसऱ्या कॅन्सरला लावता येत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये 2018 च्या अभ्यासात छोट्या भोकांच्या ऑपरेशननंतर (बहुतेक दुर्बिणीची, काही रोबोटची) साडेचार वर्षांनी 86 टक्के बायका कॅन्सरमुक्त होत्या आणि पोट उघडून केलेल्यांत 96.5 टक्के.

आणि गाठ गुदद्वाराच्या स्नायूतच शिरलेली असेल तर ऑपरेशनमध्ये गुदद्वारही काढावं लागतं आणि पोटावर संडासची पिशवी कायमची येते, मग रोबोट असो वा नसो.