गृहपाठ अडला की चुकलेलं पान घेऊन या
(आठवी ते दहावीची मुलं आणि त्यांच्या पालकांसाठी)

आमच्या क्लासमध्ये सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते सात गृहपाठाचं टेबल असतं. क्लासच्या मुलांना त्याची वेगळी फी नाही. अट एकच: गणित जिथे अडलं, ते पान घेऊन यायचं. खोडलेलं, अर्धवट, जसं असेल तसं. 'सर, काहीच येत नाही' म्हणत कोरी वही पुढे आली की आम्हालाही चाचपडावं लागतं. खोडरबर घरी राहिलं तर उत्तमच.

चुकलेलं पान काय सांगतं ते पाहा. (पुस्तकातला एक्स इथे क्ष लिहिला आहे.)

(क्ष − 2)(क्ष − 3) = 6

पुष्कळ मुलं लगेच लिहितात: क्ष − 2 = 6 किंवा क्ष − 3 = 6, म्हणून क्ष = 8 किंवा 9. अवयव पद्धत त्यांना पाठ असते, पंचाईत तीच आहे. ती चालते उजवीकडे शून्य असेल तेव्हा, कारण गुणाकार शून्य यायचा तर दोघांपैकी एकाला शून्य व्हावंच लागतं. सहा मात्र दोन त्रिक सहानेही येतात, सहा एके सहानेही. म्हणून आधी कंस सोडवायचे: क्ष² − 5क्ष + 6 = 6, म्हणजे क्ष² = 5क्ष.

पुढचा खड्डा इथेच आहे. दोन्हीकडचा क्ष उडवून क्ष = 5 लिहिलं की क्ष = 0 हे उत्तर हातचं गेलं. शून्याने भागायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. क्ष उडवताना आपण कदाचित तेच केलं, हे ध्यानात येत नाही. आता ताळा: क्ष = 0 घेतला तर (−2) × (−3) = 6, क्ष = 5 घेतला तर 3 × 2 = 6. ताळा आम्ही मुलांकडूनच करून घेतो, उत्तर बरोबर आलं असलं तरी. मुलं कंटाळतात, पण करतात.

मसावि, लसावि आणि बाकीची गणितं

'4 ने भागल्यास बाकी 3, 5 ने भागल्यास 4, 6 ने भागल्यास 5 आणि 7 ने निःशेष भाग जातो, अशी लहानात लहान संख्या कोणती?' मुलं 60 हा लसावि काढतात आणि पेन चावत बसतात. मग आम्ही पंगत मांडतो. चार-चारांच्या रांगा केल्या, शेवटच्या रांगेत तिघंच बसले. किती कमी पडले? एक. पाच-पाचांच्या केल्या तर? एकच. सहा-सहांच्या? तरी एकच. म्हणजे आणखी एक पाहुणा आला की पंगत 60, 120 किंवा 180 ची पूर्ण होते. आपली संख्या त्याहून एकाने कमी: 59, 119, 179... 59 ला 7 ने भाग जात नाही. 119 म्हणजे 7 × 17. झालं.

शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं मौजेची. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची 6174 ही संख्या मुलांना फार आवडते. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. 1947 पासून निघालं तर 8262, 6354, 3087, 8352 आणि 6174. तिथून पुढे 6174 च येत राहते. यात वजाबाकीतून आलेल्या प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज 18 आहे. अंक तेच, फक्त जागा बदललेल्या, म्हणून दोन्ही संख्यांना 9 ने भागल्यावर बाकी सारखीच उरते आणि वजाबाकीला 9 ने भाग जातो. बेरीज 9 च्या पटीत आली नाही, तर हातचा चुकला.

पालकांना दोन विनंत्या. व्हॉट्सॲपवर गणिताचा फोटो पाठवून उत्तर मागू नका. आम्ही फक्त पुढची पायरी कळवतो, आणि तीही रात्री नऊपर्यंत. मोबाइलवरच्या ॲपमधून उतरवलेली रीत आणली तर तीही चालेल, पण कुठलीही एक पायरी मुलाला विचारली जाईल.

दहावीचा गणित भाग 1 चा पेपर 40 गुणांचा असतो आणि पायऱ्यांना गुण असतात, म्हणून कच्चं काम समासात न कोंबता उजव्या पानावर करायची सवय लावतो. त्यासाठी दोनशे पानी वही लागेल. चौकटीची नको, एकेरी रेघांची आणा.