ठाण्यातल्या गच्चीवर बटाटा: बेण्याच्या वादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर लागला की घोडबंदर रोडपासून नेरुळपर्यंतच्या बागकाम गटांत एकच वाद पेटतो. टोपलीत कोंब फुटलेला बटाटा लावायचा, की बेणं, म्हणजे लागवडीसाठीच तयार केलेले कंद, मागवायचं? काही गटांनी तर बाजारातला बटाटा लावणाऱ्यांना सल्ला द्यायचा नाही असं ठरवून टाकलं. त्यावरून माणसं गट सोडून गेली.

बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. सतराव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि पुढे इंग्रजांनी पसरवला. (परदेशातून आलेला हा कंद उपासाला कसा काय चालू लागला, हे कोणी तरी एकदा नीट लिहायला हवं.) ठाणं १७३७ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं, तरी इथल्या परसात बटाटा रुजला नाही. परसात असायचं अळू, सुरण, कोनफळ. हे सगळे उकाडा मानवणारे कंद. बटाट्याला कंद धरायला रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली लागतं. ठाण्यात अशा रात्री मिळतात त्या डिसेंबर-जानेवारीत, त्याही सलग मिळतील याची खात्री नाही. एरवी पाला गुडघाभर वाढतो आणि खाली गोट्याएवढे चार कंद सापडतात. दोष मात्र मातीला किंवा शेणखताला दिला जातो.

घाटावर गणित वेगळं. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार उंचावर असल्याने तिथे पावसाळ्यातही बटाटा होतो, शेजारच्या खेडमध्ये हिवाळ्यात. या भागाला बेणं पुरवणारी पेठ म्हणजे मंचर, आणि मंचरला ते येतं पंजाबातून. बेणं पंजाबातूनच का, याचं उत्तर १९५०-६० च्या दशकांत आहे. तोवर निरोगी बेणं फक्त डोंगराळ थंड भागातून मिळे, कारण मैदानात मावा ही रस शोषणारी कीड विषाणू पसरवते आणि पिढीगणिक उतारा घटतो. मग उत्तरेच्या मैदानांसाठी एक पद्धत बसवली गेली: लागवड ऑक्टोबरमध्ये करायची आणि जानेवारीत मावा वाढायच्या आत पाला कापून टाकायचा. कंद विषाणूपासून वाचतो. शिमल्याजवळच्या कुफरीचं नाव मिरवणाऱ्या जाती याच काळात शेतात आल्या. कुफरी ज्योती आणि कुफरी चंद्रमुखी या दोन्ही १९६८ च्या.

बाजारातला बटाटा विषाणू घेऊन येतो, हे बेणंवाल्यांचं म्हणणं या इतिहासावर उभं आहे, आणि शेतकऱ्यासाठी ते शंभर टक्के खरं आहे. अडचण पन्नास किलोच्या गोणीची. गच्चीवर दहा ग्रो बॅग लावणाऱ्याला दोन किलो पुरतात. म्हणून गट वर्गणी काढून एक गोण उतरवतात आणि वाटून घेतात. ते जमत नसेल तर ऑनलाइन पाकिटं आहेतच. पण पाकिटावर जातीचं नाव आणि लॉट नंबर नसेल, तर आत वाशीच्या बाजारातला बटाटाच आहे असं धरून चालावं. फरक इतकाच की किंमत दसपट.

मला वाटतं, या भांडणात विषाणूला नको इतका मान मिळतो. एका हंगामापुरत्या दहा पिशव्यांत खरा घात होतो तो कंदाच्या वयाने. बटाटा काढल्यावर साधारण आठ ते दहा आठवडे झोपलेला असतो, त्या काळात डोळे फुटत नाहीत. नोव्हेंबरात भाजीवाल्याकडे दोन ढीग असतात. एक जुना, शीतगृहातून आलेला, जाड सालीचा, थोडा मऊ पडलेला. दुसरा नवा, नखाने साल निघेल असा, तुकतुकीत. बागेसाठी लोक हौसेने नवाच उचलतात. तो कुंडीत गप्प पडून राहतो आणि ओल लागून कुजतो. मग बाजारातल्या बटाट्याला औषध मारलेलं असतं, ही चर्चा सुरू होते. कोंब दाबणारी फवारणी असते, नाही असं नाही. ती मुख्यतः वेफर्ससाठी कमी थंडीत साठवलेल्या मालाला. पण कोंब न फुटायला बहुतेक वेळा नव्या बटाट्याची झोप पुरेशी असते. जुना बटाटा आठ-दहा दिवस सावलीत, उजेडात पसरून ठेवला की आखूड, जाड, जांभळट कोंब येतात. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब हात लावताच मोडतात.

मूळ परसबागेतला प्रश्न गच्चीवर गेला तो जमीन संपल्यावर. नवी मुंबईत बरीच जमीन खाडीचा भराव, तिथली माती खारट. त्यामुळे तिथे पिशवी आणि विकतची माती हेच सुरुवातीपासून. वाशीत कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये आल्यावर घरी बटाटा पिकवायचं कारणच उरलं नव्हतं. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा सापडलं. सोसायट्यांचे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून झालेले ठराव हा त्यानंतरचा अध्याय, आणि त्यात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे.

पिशवी अर्धीच भरून लावायची आणि रोप वीतभर झालं की मातीची भर द्यायची, हे आता बहुतेकांना पाठ आहे. भर न दिलेला कंद उन्हात हिरवा पडतो आणि तो खायचा नसतो. काढणीत मात्र घाई होते. पाला पिवळा पडल्यावर पाणी तोडून आठ-दहा दिवस थांबलं तर साल पक्की होते. न थांबता उपसलेले बटाटे आठवड्यातच सुकतात. रोपामागे अर्धा किलो निघाला तरी ठाण्याच्या मानाने चांगला.

२००६ मध्ये कुफरी सूर्या ही उकाडा सोसणारी जात आली. शेतकऱ्यांसाठी आलेली ही जात आता बागवाल्यांच्या मागणीतही दिसते. तिच्यामुळे ऑक्टोबरातली लागवड थोडी कमी धोक्याची झाली आहे. मात्र तिचं बेणंही गोणीनेच मिळतं.