'विलायत'चं 'ब्लायटी' कसं झालं?

विलायती चिंच मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. इंग्लंडशी तिचं काही नातं नाही. तरी ती विलायती, कारण आपल्या लेखी विलायती म्हणजे समुद्रापलीकडून आलेलं, परकं. इंग्रजांच्या तोंडी मात्र याच शब्दाचा अर्थ उलटा फिरला. 'ब्लायटी' हे ब्रिटनचं थट्टेतलं, लाडाचं नाव, आणि ते घेताना इंग्रज माणसाच्या मनात असतं स्वतःचं घर.

अरबीत 'विलायत' हा शब्द सत्तेचा: आधी अधिकार, मग तो जिथवर चालतो तो प्रांत. मौला (धनी), मुतवल्ली (वक्फचा कारभारी) हे त्याच धातूचे. फारसीतून तो हिंदुस्थानात आला आणि इथे दूरच्या मुलखासाठी रुळला. आधी इराण, मध्य आशिया, पुढे युरोप, शेवटी इंग्लंड.

मला खरी गंमत वाटते ती उच्चाराची. मराठीने 'व' राखला. उत्तरेत आणि बंगालात त्याचा 'ब' झाला. गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडलं ते 'बिलायती'. इंग्रजी उच्चारात शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो आणि आजूबाजूचे स्वर दुबळे होतात. इथे जोर 'ला'वर पडला, 'बि'मधली इ गळाली, आणि ब-ल एकमेकांना चिकटले. आपल्याकडे संस्कृत 'अरघट्ट'चा 'रहाट' होताना सुरुवातीचा अ असाच गळाला होता. पुढे 'लाया'चं 'लाय' झालं, स्पेलिंग 'नाइट', 'लाइट'च्या वळणावर गेलं, आणि शब्द परका आहे हे ओळखूच येईना.

१८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'बिलायती पानी' सापडतं. म्हणजे सोडा वॉटर! पण 'ब्लायटी' घरोघरी पोचला तो पहिल्या महायुद्धात. फ्रान्सच्या खंदकांत 'ब्लायटी' म्हणजे एक विशिष्ट जखमही: जीव जाणार नाही, पण मायदेशी धाडावंच लागेल अशी. ती ज्याला झाली तो नशीबवान समजला जाई.

त्याच आघाडीवर १९१४ साली हिंदी पलटणीही लढत होत्या. त्यांच्यातल्या अनेक जखमींना ब्रायटनच्या राजवाड्यात उघडलेल्या इस्पितळात नेलं गेलं. घरापासून हजारो मैल दूर, खऱ्याखुऱ्या विलायतेत.